दोन तोंडांची कॉर्नेट

जालना,
वैशाख वद्य पंचमी

प्रिय मामा,

पत्राच्या आरंभी वडील माणसांस नमस्कार कळवावा, असे शाळेत शिकवले. तुम्ही आता ज्या गावी आहात तेथे नमस्कार पोहोचतो की नाही, हे मात्र कोणत्याही पुस्तकात दिलेले नाही. तरीही साष्टांग नमस्कार!

पत्राचे कारण तातडीचे आहे. तुमच्या सुमनचे लग्न होऊन आज आठ दिवस झाले, आणि तिच्या पाठवणीच्या वेळी जे घडले ते करीमचाचा रोज नव्याने सांगत आहेत. पहिल्या दिवशी त्यांच्या हकीकतीत गाडीचे बैल नुसते थांबले होते. चौथ्या दिवशी बैलांच्या डोळ्यांत पाणी आले. काल चौकातल्या हॉटेलात तेच बैल गुडघे टेकून बसले, असे ऐकते! तुमच्यामागे बॅण्डची मास्तरकी चाचांकडे आली, पण क्लॅरिनेट त्यांनी सोडलेली नाही आणि तिखटमीठ लावण्याची सवय तर मुळीच सोडलेली नाही. “माझं बी वय झालं, आता मास्तरला भेटाया जायचंच हाये,” असे ते येताजाता म्हणतात. म्हणून त्यांच्याआधी खरी हकीकत माझ्या अक्षरात तुमच्यापाशी असावी, एवढीच इच्छा.

तुम्ही मार्गशीर्षात गेलात. सुमनचे बदनापूरचे स्थळ तुम्हीच ठरवून ठेवले होते. वर्षाच्या आत लग्न करावे, नाहीतर तीन वर्षे थांबावे, ही रीत तुम्हांला ठाऊक आहेच. मामींनी वैशाख धरला. घरात दुःख आहे, तेव्हा वाजंत्री नको, असे आईसकट सर्वांनी सुचवले. मामी पोळपाटावरून मानही न उचलता म्हणाल्या, “बाजेवाल्याची लेक हाये. बिनबाजाची जाणार न्हाई.” 

तुमच्या मागच्या खोलीची आठवण येते, मामा. हैद्राबादची पलटण मोडली आणि तुम्ही जालन्याला परत आलात, तेव्हा आम्हां मुलांना वाटले होते की शहरातून खेळणी येतील, मिठाई येईल. बैलगाडीतून उतरले काय? तर बॅण्डच्या कोठीतली पोचे पडलेली, कोणालाच नको असलेली पितळेची वाद्ये! परवानगीची चिठ्ठी तुम्ही सन्मानपत्रासारखी सर्वांना दाखवत होतात. आई म्हणाली होती, “अरे, हे काय करून राह्यलास? ही भांडी का आहेत?” तुम्ही म्हणालात, “भांड्यात नुसतं शिजतं, आक्का. यात बोलतं.”

मी त्या खोलीत प्रथम आले ती वाद्यांसाठी नव्हे, हे आता कबूल करायला हरकत नाही. मला वाचायला जागा हवी होती. तुमच्याकडे दिवसभर ठोकाठोक चाले. नळीतून लाकडी गोळे फिरवून तुम्ही पोचे काढत असा, राळ वितळवत असा. त्या गोंगाटात माझ्याशी बोलायला कोणी फिरकत नसे. माझ्यासारख्या मुलीला याहून शांत जागा जालन्यात कोठे मिळाली असती?

तुम्ही मात्र थट्टा केल्याशिवाय राहत नव्हतात. “काय पंडितबाई, तू पुस्तक वाचून राह्यली का पुस्तक तुला वाचून राह्यलं?” मी मान खाली घालीत असे. एक दिवस तुम्ही हातोडी ठेवलीत आणि गंभीरपणे विचारलेत, “तू बोलत तर बिलकुल न्हाईस. मंग तुझा दम जातो कुठं? सारा साठून राह्यला असंल. जरा यात सोडून पाह्य.” आणि आखूड तुतारीसारखी ती कॉर्नेट माझ्या मांडीवर ठेवलीत. तेव्हा मी बारा वर्षांची होते.

तुमच्या संग्रहातली इतर वाद्येही मला प्रियच होती. तो अंगाभोवती वेटोळे घालणारा प्रचंड कर्णा, ज्याला तुम्ही अजगर म्हणत असा! बॅण्डमधले किसनराव त्यात डोके घालून शिरत आणि बाहेर निघताना दोन माणसे लागत. शिवाय तो पाठमोरा, ज्याचे तोंड वाजवणाऱ्याच्या खांद्यावरून मागे वळलेले होते. असे उलटे वाद्य कोणी का घडवावे, हे मला कळेना. तुम्ही समजावलेत, “पलटणीत बॅण्ड पुढं चालतो, शिपाई मागं. ऐकणारा मागं हाये, मंग तोंड कुठं पाहिजे?” इतके सरळ उत्तर मला भूमितीच्या पुस्तकातही सापडले नव्हते.

पण तोच पाठमोरा तुम्ही अंबडच्या लग्नात वरातीच्या पुढे नेलात! वरातीत बॅण्डच्या मागे शिपाई नसतात, नवरदेवाचा घोडा असतो, हे तुमच्या कसे ध्यानात आले नाही? पहिली फुंक थेट घोड्याच्या कानात गेली. घोडा वळला, आणि नवरदेवाला घेऊन सरळ त्याच्या घरी परत गेला. नवरीकडची माणसे विचारीत होती, “काय झालं, रुसला काय?” तुम्ही हा प्रसंग घरी कधी सांगितला नाहीत. तो आम्हांला करीमचाचांनी सांगितला, आणि घोडा परभणीपर्यंत गेला असे सांगितले.

तरी सर्वांत सुंदर ती कॉर्नेटच. तिच्या नळीवर द्राक्षवेलीची नक्षी कोरलेली आहे. घडवणाऱ्याचे नाव शेकडो बोटांनी पुसून टाकले आहे, पण वेलीचे एक पानही पुसले गेलेले नाही. तिला तोंडे दोन. एक इतर कॉर्नेटींसारखे उघडे, फुललेले. दुसरे डाळिंबाएवढे, गोल, जेमतेम फट असलेले. उजव्या हाताखाली तीन दट्ट्ये, आणि डाव्या हाताच्या बोटाखाली आणखी एक, चौथा. हा चौथा दाबला की वारा धाकट्या तोंडात वळतो, आणि तोच सूर वेशीपलीकडून आल्यासारखा ऐकू येतो. बोट उचलले की पुन्हा मोठे तोंड बोलू लागते. मनुष्याने केवळ दूरत्व ऐकू यावे म्हणून इतके पितळ वळवले, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

ते धाकटे तोंड जणू माझ्यासाठीच केलेले होते. शेजारी ऐकू जाणार नाही, आईला वाटेल मी मामांकडे अभ्यास करते आहे. सहा वर्षे मी त्याच तोंडाने वाजवले. सहा वर्षांत ते डावे बोट मी एकदाही उचलले नाही.

तुम्ही रागावला नाहीत. फक्त मधूनमधून म्हणत असा, “डाळिंबातून किती दिस बोलशील गं?”

आता जी गोष्ट लिहायची ती टाळता येणार नाही. शेवटच्या आजारात, एका दुपारी, तुम्ही मला म्हणालात, “एकदा मोठ्या तोंडानं वाजव. मला बारीक ऐकू येऊन न्हाई राह्यलं.” बाहेर ओसरीवर पाहुणे बसले होते. मी कॉर्नेट उचलली, आणि बोट दाबूनच वाजवली. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, “ऐकलं. चांगलं झालं.” तुम्ही ऐकले नव्हते, मामा! मला ठाऊक होते, आणि मला ठाऊक आहे हे तुम्हांलाही ठाऊक होते. मग रागावला का नाहीत? एक शब्द जरी बोलला असता तरी मला बरे वाटले असते.

असो. सुमनच्या पाठवणीविषयी तुमचा बेत आम्हां सर्वांना पाठ होता. कोणत्याही लग्नाच्या पंगतीत जिलेबी ताटात पडण्याआधी तुम्ही तो सांगायला लागत असा: “सुमीची पाठवणी मी करणार. आधी मोठ्या तोंडानं, मंग गाडी हालली की धाकट्यानं. असं वाटलं पाहिजे की सूरच तिच्यासंगं वेशीबाहेर चाललाय.” सुमन हसत असे. पण तुम्ही गेल्यानंतर तिने एकच गोष्ट मागितली. शालू मागितला नाही, दागिना मागितला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, “ताई, बाबांचं बाजं वाजंल ना गं? ते वाजल्याशिवाय मला गेल्यासारखं वाटणार न्हाई.”

करीमचाचा म्हणाले, क्लॅरिनेट ठेवून मीच कॉर्नेट घेतो, मास्तरची चाल मला येते. प्रश्न सुटला होता. तो पुन्हा बिघडवला तो मी!

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मला वाटले की तुमचे वाद्य लखलखीत असावे. चिंचेच्या कोळाने आणि राखेने बाहेरून घासले, ते तुमच्या समोर मी अनेकदा केले होते. दट्ट्यांना हात लावायचा नाही, अशी तुमची ताकीद होती. पण आत हिरवट थर दिसला आणि माझ्यातली शहाणी मुलगी जागी झाली. उजव्या हाताखालचे तिन्ही दट्ट्ये मी काढले, पुसले, तेलाचा थेंब दिला. प्रत्येकावर तुमच्या हाताच्या रेघा होत्या: एक, दोन, तीन. किती सोपे! मी फुंकायची वाटी डावीकडे येईल अशी कॉर्नेट मेजावर आडवी ठेवली आणि डावीकडून एक, दोन, तीन असे दट्ट्ये बसवले. मॅट्रिकला शाळेत पहिली येईल असे ज्या मुलीविषयी सगळे म्हणतात तिला तीनपर्यंत मोजता येणारच, नाही का?

लग्न लागले, पंगती उठल्या, उन्हे कलली. बदनापूरच्या मंडळींची बैलांची दमणी दाराशी लागली. करीमचाचांनी कॉर्नेट ओठांना लावली आणि फुंकली.

आवाज नाही.

पुन्हा फुंकली. गाल फुगले, मान लाल झाली, आणि आतून बंद दाराआड कोणी शिंकावे तसा एक फुसका आवाज निघाला. किसनराव अजगरातून ओरडले, “चाचा, जेवण जास्ती झालं का?” वऱ्हाडी हसले. चाचांनी कॉर्नेट उलटी केली, हलवली, मोठ्या तोंडात डोळा लावून पाहिले, आणि मग डोळे पुसत म्हणाले, “मालक गेला. आता हे बाजं बिलकुल बोलणार न्हाई. मुकं झालं.”

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. वाद्याने सुतक धरले, ही बातमी मांडवाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. मला मात्र माहीत होते की वाद्याने काही धरलेले नाही. मीच काहीतरी केले आहे. काय केले, ते कळत नव्हते. आणि सुमन दमणीत चढली होती.

मामींनी धीर सोडला नाही. आतून तुमची चालींची वही आणून चाचांच्या हातात दिली. “वाद्य न्हाई तर न्हाई. चालीचं नाव तरी घाला तिच्या कानावर.” चाचांनी वही घेतली. ती उर्दूत लिहिलेली, त्यामुळे त्यांनी ती आपल्या सवयीने उघडली. जेथे आमच्या वह्या संपतात, तेथून तिची सुरुवात झाली.

मामा, तुमचे पहिले पान उजवीकडे होते!

तुम्ही तालीम घेतली ती उर्दूत, पलटणीचे रजिस्टर भरले ते उर्दूत. मराठी शाळा आमच्या वाट्याला आली, तुमच्या नाही. पहिले म्हटले की तुमचा हात उजवीकडे जाणार आणि माझा डावीकडे. एका रेघेचा दट्ट्या वाटीपासून सर्वांत लांबचा होता. मी टोकाचे दोन्ही दट्ट्ये एकमेकांच्या जागी बसवले होते, आणि वाऱ्याला वाटच उरली नव्हती. एवढी साधी गोष्ट तुम्ही मला सांगून का ठेवली नाहीत? सहा वर्षे शेजारी बसत होते मी!

मी बोलले. होय, मी! भर मांडवात, तीनशे माणसांदेखत. “चाचा, ते मुकं झालेलं नाही. मी दट्ट्ये उलटे बसवले आहेत. इकडे द्या.” माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. आई पाहतच राहिली. मी तेथेच मातीत मांडी घातली, दोन्ही दट्ट्ये काढले, जागा बदलल्या, फिरक्या आवळल्या, आणि कॉर्नेट चाचांपुढे धरली.

त्यांनी हात मागे घेतले.

“कायदा म्हायती न्हाई का तुला? मास्तरचाच कायदा हाये. ज्यानं खोललं त्यानंच पहिली फुंक मारायची.”

“मला येत नाही,” मी म्हणाले.

“खोटं बोलून राह्यली! माझं घर तुझ्या मामाच्या भिंतीला भिंत लागून हाये, बेटा. सहा साल झाले, डाळिंबातून कोण बोलतं ते मला म्हायती न्हाई? चल, जल्दी कर. गाडी निघाली.”

गाडी खरोखरच निघाली होती. बदनापूरला दिवेलागणीच्या आत पोहोचायचे म्हणून गाडीवानाने बैल हाकले होते. नवरदेवाकडचे एक वयस्कर गृहस्थ माझ्याकडे पाहून म्हणाले, “आँ? पोरगी वाजवणार का?” मामींनी त्यांना शांतपणे उत्तर दिले, “वाजवणार. तिच्या मामाचं काम राह्यल्तं, ते करून राह्यली.”

मी कनातीच्या आड गेले, मामा. तुमच्यापासून काय लपवायचे? कापडाआड उभी राहिले, डावे बोट दाबले आणि सुरुवात केली. सूर बारीक, थरथरता, तुमच्या चालीचा निघाला. मांडवातले लोक इकडेतिकडे पाहू लागले. कोठून येतो ते कोणालाच कळेना. पण तो दमणीपर्यंत पोहोचत असेल असे मला वाटेना. घुंगरमाळा वाजत होत्या, चाके कुरकुरत होती, बायका रडत होत्या. कनातीच्या फटीतून मला गाडी दिसत होती. ती वळणाला लागली. सुमन मागे वळून पाहत नव्हती. तिने आशा सोडली, असे मला वाटले.

ती दुपार मला आठवली. ओसरीवरचे पाहुणे आठवले, आणि तुमचे मिटलेले डोळे.

मी बोट उचलले.

मामा, काय आवाज आहे हो तिला! मला कल्पनाच नव्हती. सहा वर्षे मी एका वाड्याच्या देवडीत राहिले आणि वाडा पाहिलाच नाही, असे झाले. कनात थरथरली, लिंबाच्या झाडावरचे कावळे उडाले, कोणाचे तरी तान्हे मूल रडायचे थांबले. मी कनातीतून बाहेर कधी आले ते मला आठवत नाही. किसनरावांनी अजगरातून खालचा सूर धरला, चाचांनी क्लॅरिनेट उचलली. आणि वळणावर दमणी थांबली. बैल फक्त थांबले, मामा, हे मी शपथेवर लिहिते. गाडीवानानेच कासरा ओढला होता, कारण सुमनने त्याच्या पाठीत गुद्दा मारला होता.

ती खाली उतरली नाही. चाल संपेपर्यंत मागे तोंड करून बसून राहिली. मग हात वर केला, आणि गाडी गेली.

त्यानंतर मला भान आले की मी तुमचा सगळा बेत उलटा केला! आधी मोठे तोंड, मग धाकटे, असे तुम्ही ठरवले होते. सूर तिच्याबरोबर दूर जायचा होता. मी आधी धाकटे वाजवले, मग मोठे. तेव्हापासून मी अस्वस्थ होते. दट्ट्येही उलटे, चालही उलटी. पहिल्या क्रमांकाच्या मुलीने एका दिवसात आणखी किती चुका कराव्यात?

काल सुमन मांडवपरतणीला आली. मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “उलटं कसं गं ताई? मला तर वाटलं, बाबा लांबून कुठून तरी निघाले. आधी बारीक ऐकू आलं, वेशीपल्याड असल्यावाणी. मंग जवळ, मंग एकदम गाडीपाशी. मी म्हणलं, आले. उशीर झाला, पण आले.”

 मग तिने सासूबाईंच्या घोरण्याची नक्कल करून दाखवली आणि आम्ही इतक्या हसलो की मामी आतून ओरडल्या.

तुमची चाल यापुढे कोणत्या क्रमाने वाजवायची, याचा निर्णय चाचांनी दिला आहे: लेक जाताना मास्तरांची रीत, लेक येताना पंडितबाईंची. त्यांच्या मते हा न्याय इतका चोख आहे की जालन्याच्या कोर्टानेही शिकावा.

लग्नापासून आई माझ्याशी जपून बोलत होती. आज सकाळी फुलपात्र घासता घासता म्हणाली, “तुझ्या मामाला लहानपणी मी फार रागावले होते गं, बाजात गेला म्हणून.” आणि मग, भिंतीकडे पाहत, “पुन्हा वाजव ना ते. मी लांब होते, मला नीट दिसलं न्हाई.” दिसलं न्हाई असे म्हणाली, मामा. ऐकू आलं न्हाई असे म्हणाली नाही. मी तिच्यासमोर बसून वाजवले. शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. मी थांबले नाही.

आता वचन. जूनमध्ये मी औरंगाबादला कॉलेजात जाईन. मामींनी कॉर्नेट मला दिली आहे, आणि ती माझ्या ट्रंकेत पुस्तकांच्या वर राहील, खाली नाही. वसतिगृहातल्या मुली विचारतीलच, हे दोन तोंडांचे विचित्र काय आहे आणि कोणाचे आहे? माझा स्वभाव तुम्ही जाणता. खाली मान घालून “मामांची आठवण आहे” असे म्हणणे मला सोपे जाईल. तसे मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे सरळ पाहून सांगेन: “ही कॉर्नेट आहे. माझी आहे. मी वाजवते.”

तुमची भाची,
शालिनी